काथ्यात अडकलेलं तांबं

कुणाच्याही घरी जेवून हात धुवायला उठले की काका मोरीपाशी थांबायचे आणि विचारायचे, "आता हे पाणी कुठे चाललं?"

नवख्या माणसाला वाटायचं, गंमत चाललीय. तो म्हणायचा, "गटारात. आणखी कुठे?"

"आणि गटार?"

"समुद्रात."

"आणि समुद्रातून?"

इथवर येईपर्यंत घरची बाई हातात टॉवेल घेऊन ताटकळलेली असायची. काकांना उत्तर हवंच असायचं. लालबागच्या आमच्या चाळीत त्यामुळे त्यांना जेवायला बोलावणं हळूहळू बंद झालं आणि घरी वाटी पाठवणं सुरू झालं. त्यांच्या शेजारच्या खोलीतली सुलूमावशी म्हणायची, "वाटी परवडता, प्रश्न परवडत नाय."

ते कुणाचेच सख्खे काका नव्हते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन गावाकडेच होती. तरुणपणी ते एका गिरणीच्या रंगखात्यात होते. गिरणी बंद पडली, मग दादरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथेच निवृत्त झाले. बाटल्या धुताधुता ते त्या विषयात इतके पुढे गेले होते की मुलं सरांना विचारायच्या आधी त्यांना विचारायची. रंगखात्याबद्दल ते एकच वाक्य बोलत: "आम्ही दिवसभर पाणी रंगवायचो. कापड मध्ये यायचं म्हणून तेही रंगायचं."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा चाळ त्यांना काथ्याकाका म्हणत होती.

काथ्या ते देवळातून आणायचे. नारळ फोडण्याआधी सोलून काढलेल्या शेंड्या पुजारी एका टोपलीत टाकायचा आणि काका दर मंगळवारी ती टोपली रिकामी करायचे. पुजाऱ्याची पक्की समजूत होती की ह्यांनी काहीतरी मोठा नवस बोललाय. एकदा त्यानं धीर करून विचारलंही, "कशाचं व्रत आहे?" काका म्हणाले, "घाण काढायचं." पुजाऱ्यानं हात जोडले.

शहाळ्याच्या सालींना ते हात लावत नसत. "कोवळ्या काथ्याला जोर नसतो," म्हणायचे. शेंड्या पिंजायच्या, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या, सात-आठ वेळा धुवायच्या आणि मग गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायच्या. त्याच दोरीवर सुलूमावशीची लुगडी असायची.

"काका, तुमच्या जटा माझ्या लुगड्यार इल्या."

"झटक."

"झटकलंय. टोचतत."

"मग पुण्य समज."

त्यांची आई मालवणकडच्या खाडीत नारळाची सोडणं कुजत घालायची, महिनोन्महिने. मग ती ठोकून त्यातून काथ्या काढायची आणि मांडीवर सुंभ वळायची. लहानपणी काकांनी पाहिलं होतं की जिथे सोडणं पुरलेली असत तिथे खाडीचं पाणी काळं पडे, पण होडीच्या तळाचं हिरवं, गंजकं काहीतरी त्या सोडणांना चिकटून बसे. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. प्रयोगशाळेत चाळीस वर्षांनी कळलं. काथ्याच्या धाग्याला धातूची ओढ असते. पाण्यातलं तांबं, निकेल तो आपल्या अंगावर ओढून घेतो. पाणी फार आंबट मात्र नको. आंबट लागलं की धरलेलं सगळं सोडून देतो. म्हणून आधी चुन्याची निवळी घालून आंबटपणा मोडायचा आणि मग ते पाणी काथ्यातून सोडायचं. एवढंच होतं सगळं. एक निळं पिंप, त्यात ठासून भरलेला काथ्या, खाली तोटी.

मला त्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं ते स्टीलच्या दोन पेल्यांत. नंतर काचेचे आणले, कारण स्टीलमध्ये रंग दिसत नव्हता आणि ते स्वतःवरच वैतागले. दोन्ही पेल्यांतलं पाणी दिसायला सारखंच, जवळपास स्वच्छ. त्यांनी दोन्हींत अमोनियाचे थेंब टाकले. पहिला पेला गडद निळा झाला. दुसरा तसाच राहिला.

"पहिलं पिंपाच्या आधीचं, दुसरं नंतरचं," ते म्हणाले. "तांबं बोलत नाही. अमोनिया टाकला की बोलतं."

"म्हणजे विष संपलं?"

"संपलं कुठे? काथ्यात आहे. काथ्या म्हणजे गोठा गो. गुरं आत बांधलीत. गेलेली नाहीत."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून माझ्याकडे आहे. लिहून घेणं आणि ऐकणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

पिंप जिथे बसवलं होतं तो गाळा गिरगावात होता, एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला. खोट्या दागिन्यांवर मुलामा चढवायचं काम. हार, बांगड्या, कुड्या तारेला लटकवून एकामागून एक टाक्यांत बुडवायच्या आणि प्रत्येक टाकीनंतर पाण्यात धुवायच्या. ते धुण्याचं पाणी दिवसभर मोरीत जायचं. असले गाळे काकांनी वर्षानुवर्षं पालथे घातले होते. बहुतेकांनी त्यांना वर्गणी मागणारा समजून बाहेरूनच घालवलं. एका ठिकाणी त्यांना चहा मिळाला, पण तो त्यांना सरकारी माणूस समजून. तसं नाही म्हटल्यावर अर्धा कप हातातून काढून घेतला. हे सांगताना काका हसायचे. "अर्धा प्यायलो होतो मी. तो काय परत घेणार?"

शेवटी हा एक मालक तयार झाला. चाळिशीचा, बोलका, घाईतला माणूस. त्याची अट एकच होती.

"काका, पिंप ठेवा, काथ्या बदला, काय करायचं ते करा. फक्त बोभाटा नको. माझ्या मोरीवर लोकांचं लक्ष नको."

"मला पाण्याशी मतलब," काका म्हणाले.

दर आठवड्याला ते बसनं गिरगावला जायचे, तांबं-निकेलच्या धुण्याचं पाणी तपासायचे (सायनाइडच्या टाकीपासून मात्र लांब राहायचे, ते काम आपलं नाही म्हणायचे), धातूनं भरलेला काथ्या काढून नवा भरायचे आणि भरलेला पोत्यात घालून घरी आणायचे. त्या जुन्या काथ्याचं काय करायचं हे त्यांना सुटलं नव्हतं. आम्लानं धुतला तर तांबं सुटायचं, पण ते पुन्हा पाण्यातच. जाळला तर राखेत. पुरला तर मातीत. वाळवून पोत्यात भरून त्यांनी ती पोती आपल्या दाराबाहेर गॅलरीत रचून ठेवली होती, तोंड सुतळीनं शिवून. माझ्याशी बोलताना ते पोत्यांवर बसायचे.

आणि मी त्यांना म्हणायचे, हे लोकांना कळलं पाहिजे.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझे बाबा एका कामगार संघटनेच्या कचेरीत होते. संपाची, मोर्च्याची, घरांच्या मागणीची, गिरण्यांच्या जमिनीची पत्रकं आमच्या खाटेखाली गठ्ठ्यांनी असायची. मी वाचायला त्यांवरच शिकले. बाबा म्हणायचे, पत्रक माणूस उभ्याउभ्या वाचतो, म्हणून शेवटचं वाक्य असं पाहिजे की त्याचे पाय थांबले पाहिजेत. बाबा गेले, संघटना विरली, मला मात्र ती सवय राहिली. कुठे काही चुकीचं दिसलं की माझ्या डोक्यात आधी शेवटचं वाक्य तयार व्हायचं आणि मग वरचा मजकूर.

"अजून लिहू नको," काका म्हणाले होते. "अर्धं काम झालंय. लावणी करून येतो गावाहून, मग बघू."

ते गेले आणि पावसात गावीच अडकले. भाऊ आजारी होता. इकडे आमच्या भागात तुंबलेल्या गटारांवरून आणि त्यांतल्या कारखान्यांच्या पाण्यावरून सभा झाली. सगळे नुसते रडगाणं गात होते, एकाही माणसाकडे उपाय नव्हता आणि माझ्या वहीत उपाय होता. मला वाटलं, आता गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा. दोन दिवसांत पत्रक लिहिलं, छापून घेतलं, लालबाग-परळला वाटलं. गाळ्याचं नाव घातलं नाही, एवढी अक्कल होती. शेवटचं वाक्य असं होतं: "आणि कारखान्याचं विष प्यायलेला हा काथ्या अखेर निमूट मातीत मिसळतो, निसर्गाचं होतं ते निसर्गाकडे परत जातं."

पाय थांबवणारं वाक्य होतं. कितीतरी जणांनी फोन करून त्याच वाक्याचं कौतुक केलं.

काका श्रावणात परतले. मी पत्रक घेऊन त्यांच्या खोलीत गेले, पण त्यांनी अजून बॅग सोडली नव्हती, म्हणून नुसतंच बाजूला ठेवलं. तेवढ्यात सुलूमावशी वाटी घेऊन आली. अळूचं फतफतं, वर शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे. प्रवासानं काका भुकेले होते. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, "बरा झालाहा. ह्या अळू खयसून इला?"

"खयसून म्हणजे? तुमच्याच काथ्यात वाढलाहा," मावशी कौतुकानं म्हणाली. "नर्सरीत असलोच चुरो पिशवी भरून विकतत. तुमचो भायर पडान होतो. पानां बघा कशी मऊ."

काकांचा चमचा वाटीतच राहिला.

"खंयचो काथ्या?"

"ह्या पोत्यातलो. हिच्या कागदात लिवलंला ना, मातीत मिसळता म्हणान. मगे आमी मिसळलो."

काका उठून गॅलरीत गेले. रचलेल्या पोत्यांतली तीन उसवलेली होती. मग त्यांनी मान वर केली आणि मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. मजल्यावर जवळपास प्रत्येक दारात कुंड्या, रंगाचे डबे, फुटक्या बादल्या होत्या: अळू, कढीपत्ता, पुदिना, मिरची. रोज त्यांच्यामधून वाट काढत मी ये-जा करत होते.

कढीपत्त्याच्या कुंडीत मावशीनं आंबट ताक घातलं होतं, म्हणजे काथ्याला आंबट लागलं होतं. कढीपत्त्याला सगळेच घालतात. काकांनी कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी फडक्यातून गाळलं, कपाटातून अमोनिया काढला. मावशी शेजारी उभी होती, काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. पेल्यातलं पाणी निळं झालं.

"ह्या काय?"

"तांबा," काका म्हणाले. "निकेल पण आसतला. सुलू, ह्या अळू आता करू नको. मी चूक केलंय. पोती भायर ठेवूक नको होती."

"माज्या हातान वाढलंय मी सगळ्यांका," मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि घरात गेली. थोड्या वेळानं आतून पातेलं रिकामं केल्याचा आवाज आला. मोरीत.

तेव्हा काकांनी बाजूला ठेवलेलं पत्रक उचललं. चष्मा लावून अगदी हळू वाचलं. शेवटापर्यंत पोहोचल्यावर बराच वेळ तिथेच थांबले. मी आयुष्यात लिहिलेल्या वाक्यांपैकी त्या वाक्यानं माणसाला सर्वांत जास्त वेळ थांबवलं असेल.

"कित्याक लिवलंस गो ह्या? माका इचारूक होया होता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दारोदार गेलो. काका प्रत्येक दारात तेच सांगायचे, त्याच शब्दांत: काथ्यात कारखान्याचं तांबं आहे, ह्यातलं खाऊ नका, कुंडी मला द्या. काहींनी लगेच दिल्या. काहींनी आमच्याकडे नाहीच म्हणून सांगितलं आणि मागच्या खिडकीत पुदिना दिसत होता. एका घरात सासू सुनेला म्हणाली, "तरी मी म्हणत होते, त्या म्हाताऱ्याच्या जटा घरात नको." एका भाऊंनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या पत्रकात तर छापून आलं होतं ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "छापलेलं पण खोटं असतं काय?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि तेच मला लागलं. त्याच चाळीत बाबांची पत्रकं जपून ठेवणारी माणसं होती.

कुणाला काही झालं का? मला माहीत नाही. कुणी आजारी पडल्याचं ऐकलं नाही. पण इतक्याशा तांब्या-निकेलानं माणूस लगेच आडवा पडत नाही हेही काकांनीच मला सांगितलं होतं, त्यामुळे ऐकलं नाही ह्याला काही अर्थ नाही.

पत्रक मात्र चाळीबाहेरही गेलं होतं. परळपर्यंत. तिथे कुणी कुठला काथ्या कुठल्या कुंडीत घालत असेल, ते दारोदार फिरून कळणार नव्हतं. काका म्हणाले, दुसरं पत्रक काढायचं. ते छापायच्या आधीच गाळ्याच्या मालकाचा फोन आला. दुसऱ्या पत्रकाचं त्याच्या कानावर गेलं होतं. आम्ही गिरगावला गेलो.

त्यानं माझं पहिलं पत्रक प्लास्टिकच्या आवरणात घालून दाराच्या आतल्या बाजूला लावलं होतं. खालच्या मजल्यावरच्यांनी वासाची तक्रार केली की तो त्यांना ते दाखवायचा. पिंपातला काथ्या काका गेल्यापासून कुणी बदललेला नव्हता. भरलेल्या काथ्यातून पाणी जसंच्या तसं बाहेर येत होतं, आणि दारावर माझं वाक्य लटकत होतं.

"बोभाटा नको म्हटलं होतं, तरी हे झालं ते झालं," तो म्हणाला. "मला चाललं, फायदाच झाला. पण आता उलटं कशाला छापता? चाळीत तोंडी सांगितलंत ना, बस झालं. छापलंत की उद्या इथे कोणतरी येऊन उभा राहणार, काथ्या कुठे टाकता विचारणार. काय सांगू? ते छापायचं तर पिंप आजच उचला. नाही छापलं तर पिंप राहू दे, काथ्या मी माणूस लावून दर आठवड्याला बदलून घेतो. शब्द देतो."

त्यानं खरंच शब्द पाळला असता असं मला वाटतं. वाईट माणूस नव्हता.

जिन्यात मी काकांना थांबवलं. मी, जिला गप्प बसणं म्हणजे भित्रेपणा वाटायचा, ती मी त्यांना म्हणाले, "काका, राहू दे ना. इतकी वर्षं घालवून हा एक गाळा मिळालाय. मी परळला जाईन, जिथे जिथे वाटलं तिथे तोंडी सांगेन. पिंप तरी राहील. पाणी तरी साफ जाईल."

ते एका पायरीवर बसले. त्यांना धाप लागली होती.

"सगळ्यांका सांगशील?"

"सांगेन."

"कुणाकुणाका दिलंस ता माहीत आसा?"

माहीत नव्हतं. नाक्यावर उभं राहून वाटलं होतं.

"मग?" म्हणाले, आणि उठून परत वर गेले, पिंप रिकामं करायला.

दुसरं पत्रक त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चार ओळींचं. काथ्या धातू धरतो, हे खरं आहे. वापरलेला काथ्या विषारी असतो, तो मातीत, कुंडीत, चुलीत घालू नये. मागच्या पत्रकातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. ते लिहिणारीला माहीत नव्हतं आणि तिनं विचारलं नाही.

चौथी ओळ लिहिताना माझा हात थांबला. मी म्हटलं, "'चूक झाली, क्षमस्व' असं लिहू?"

"तसं लिहिलं तर काय झालं ते कळेल काय?"

मी त्यांचीच ओळ ठेवली. ते पत्रक वाचून कुणी रस्त्यात थांबलं नाही. लोकांनी घडी घालून खिशात टाकलं किंवा शेंगदाणेवाल्याला दिलं. काथ्याबद्दल पुन्हा आमच्या भागात कुणी चांगला शब्द काढला नाही. गिरगावचं पाणी पूर्वीसारखं थेट मोरीत जाऊ लागलं. काका त्यानंतरही दोनेक वर्षं गाळे शोधत फिरले, पण आता जिथे जातील तिथे ते आधी काथ्याचा तोटा सांगायचे आणि मग उपयोग. तोटा सांगून होईपर्यंत कुणी थांबत नसे. मी एकदा म्हटलं, क्रम बदला. त्यांनी बदलला नाही.

मग आमची चाळ पुनर्विकासाला गेली. सगळे आपापलं सामान टेम्पोत चढवत होते. कुंड्यांतली माती आणि उसवलेला काथ्या मिळून पोती आणखी वाढली होती. काका गावी, मुलीकडे, कायमचे निघाले होते. पोती तिथे नेता येत नव्हती. तिच्या अंगणात विहीर होती. टेम्पोवाला म्हणाला, "द्या की, मी लावतो विल्हेवाट." काका पोत्यांवर जाऊन बसले. मी म्हटलं, मी नेते.

ते गावी गेल्याला आता दुसरं वर्ष आहे. तिकडून फोन करतात, गुडघ्यांबद्दल सांगतात. पोती परळला माझ्या भाड्याच्या खोलीत, पोटमाळ्यावर आहेत. कारखान्यांचा घातक कचरा घेणारी एक जागा शहराबाहेर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी मी तिथे फोन करते. फोनवर एक बाई असते, आवाजावरून माझ्याच वयाची. ती माझा आवाज ओळखत नाही, किंवा ओळखूनही पहिल्यापासून सुरुवात करते.

"कारखान्याचं नाव?"

"कारखाना नाही. खासगी आहे."

"मॅडम, नोंदणी असलेल्या कारखान्याचाच माल घेतो आम्ही. कारखाना नाही तर कचरा कोणाचा?"

"माझा," मी सांगते.

"एक मिनिट हं," ती म्हणते, आणि मी थांबते.